प्रवाळांच्या टाकीसाठी कार्बन कोणता: व्होडका, व्हिनेगर की साखर?

प्रश्न (म्हापसा):
माझ्या २०० लिटरच्या समुद्री टाकीत मऊ प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश आहेत. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलूनही नायट्रेट ४० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४० भाग) हलत नाही, फॉस्फेट ०.१५ आहे आणि पुसलेली काच दोन दिवसांत पुन्हा हिरवी होते. कार्बन डोसिंग, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंसाठी रोज थोडा कार्बनयुक्त पदार्थ पाण्यात घालणे, सुरू करायचे ठरवले आहे. घरात माडाच्या सुरीचे (माडीचे) व्हिनेगर आणि काजूची फेणी नेहमीच असते. त्यांपैकी काही चालेल का?

उत्तर (मडगाव):
दोन्ही स्वयंपाकघरातच राहू द्यावीत. आपण टाकीतल्या जिवाणूंना कार्बन पुरवतो, तो खाऊन वाढताना ते नायट्रेट व फॉस्फेट शरीरात घेतात आणि पुढे स्किमर, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून फेस करणारे यंत्र, त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. म्हणून काय आणि किती घातले हे नेमके ठाऊक असावे लागते. सुरीच्या व्हिनेगरची आंबटी बाटलीगणिक बदलते आणि त्यात सुरीतले इतर घटकही उतरतात. फेणीला जो वास येतो, तोच सांगतो की तिच्यात निव्वळ अल्कोहोल नाही. साखरेचे माप चुकणे फार सोपे आहे. बाटलीवर ५ टक्के आम्लता छापलेले, रंग व मसाला नसलेले पांढरे डिस्टिल्ड व्हिनेगर घ्यावे. १ मिलि व्होडकाची बरोबरी करायला त्याचे सुमारे ८ मिलि लागते, त्यामुळे थेंबभर चुकीने फारसे बिघडत नाही. रोज १.५ मिलिपासून सुरुवात करून आठवड्याला तेवढेच वाढवावे आणि नायट्रेट उतरू लागताच तिथेच थांबावे. व्हिनेगरने पीएच थोडा खाली येतो आणि रात्री तो आधीच कमी असतो, म्हणून डोस सकाळी दिवे लागल्यावर, पंपाच्या प्रवाहात सोडावा.

उत्तर (फोंडा):
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. एका जूनमध्ये घाई करून मी डोस दुप्पट केला आणि त्याच रात्री वीज गेली. पहाटे पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरे झाले होते आणि मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेत होते, कारण जिवाणूंनी प्राणवायू ओढून घेतला होता आणि स्किमर बंद होता. बॅटरीवरचा एअर पंप होता म्हणून ते वाचले. वीज नसेल त्या दिवशी डोस देऊच नये. नायट्रेट शून्यावर नेऊ नये, ५ ते १० पुरे; शून्याला पोचल्यावर डायनोफ्लॅजेलेट्सचा (सूक्ष्म एकपेशीय जीवांचा) तपकिरी चिकट थर येऊ शकतो. फॉस्फेट मागे राहिल्यास त्यासाठी फॉस्फेट शोषून घेणारे लोहयुक्त गाळण-माध्यम वेगळे वापरावे.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. एअर पंप आधी आणतो, व्हिनेगर त्यानंतर.