जुनी फाइनवर्कबाऊ 300एस एअर रायफल घ्यावी का?

क्लबातले एक काका त्यांची 300एस विकतायत, मला 10 मीटर टार्गेटसाठीच हवीय पण स्प्रिंगवाली म्हणून धाकधूक आहे. काय बघू?

> घ्या बिनधास्त! चाप ओढला की अख्खी अ‍ॅक्शन (नळी आणि यंत्रणा) रुळावर मागे सरकते म्हणून खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच, साध्या ब्रेक-बॅरलसारखी (नळी मोडून भरायच्या बंदुकीसारखी) धरण्याच्या बाबतीत नखरेल नाही ती. फक्त वजन पाच किलोच्या आसपास, हात भरून येतात.

> आधी सपाट तोंडाचे 4.5 मिमी छर्रे घेऊन टेकूवर पाच-पाच छर्‍यांचे ग्रुप काढा (भोकं किती जवळजवळ पडतात ते बघा), क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर वेग किती वरखाली होतो ते बघा, फार हलला तर हवा अडवणारं सील गेलंय. डायॉप्टर (नेम धरायची मागची भोकाची साइट) ओरिजिनल आहे ना? आणि छर्रा भरताना साइड लिव्हर (स्प्रिंग ताणायचा बाजूचा दांडा) हाताने धरूनच ठेवा, बोटं प्यारी असतील तर.

> छर्रा न भरता रिकामी मारून बघू नका हां!