अनुभव धागा: लहान मुलांसह कोकण, बेताच्या खर्चात

धागाकर्ती: दहा वर्षांखालची मुलं, चार दिवस आणि कोकणचा समुद्र. "मजा आली" एवढंच नको. काय करायचं, काय फसतं आणि का, ते लिहा.

प्रतिसाद १
रेल्वेत 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. 5 ते 12 वयात वेगळा बर्थ नको असेल तर स्लीपरला अर्धं, बर्थ घेतला की पूर्ण. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे मेची तिकिटं मार्चातच काढायची. पण स्टेशनं समुद्रापासून लांब आहेत. गुहागरसाठी चिपळूणला उतरायचं, मालवणसाठी कुडाळला. तिथून पुढे खाजगी गाडी केली की वाचवलेले पैसे तिथेच जातात. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 च्या मुलांनाही अर्धंच. आई आणि एक मूल मिळून एक पूर्ण तिकीट!

प्रतिसाद २
तारखा ठरवताना आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून संध्याकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं असतं. ओली, घट्ट पुळण पसरलेली, मधे घोट्याएवढी डबकी, त्यांत खेकड्यांची पिल्लं. पोरांना याहून वेगळं काही लागत नाही. अष्टमीला उलटं होतं: ओहोटी भर दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला पाणी किनाऱ्याला टेकलेलं. त्या दिवशी किल्ला किंवा देऊळ करा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी जितकं लांब जातं तितकंच झपाट्यानं परत येतं, त्यामुळे मुलांच्या मागे नाही, समुद्राच्या बाजूला उभं राहायचं.

गणपतीपुळ्याला मुलांना पाण्यात सोडूच नका. तिथे तळ एकदम खोल जातो आणि ओढ जबर असते. खाडीचं मुख कुठलंही असो, तेच. स्थानिकांनी "इकडे नको" म्हटलं की वाद घालायचा नाही.

प्रतिसाद ३
रोज नवं गाव करू नका. एकाच घरगुती ठिकाणी तीन-चार रात्री राहिलात तर भाड्यात घासाघीस करता येते आणि मुलांची झोप मोडत नाही. शाळेत न जाणारं मूल असेल तर दिवाळी, नाताळ, मे सोडून जानेवारी-फेब्रुवारीचे मधले वार धरा. फोनवर विचारायचं ते हे: अंघोळीला गरम पाणी, दूध तापवायला चूल किंवा गॅस, वीज गेली तर पंखा चालतो का, मुलांच्या ताटाचे वेगळे पैसे धरणार का. सकाळी सांगून ठेवलं तर मऊ भात, मेतकूट, तूप किंवा बिनतिखट घावणे सहज मिळतात. ऐन जेवणाच्या वेळी मागितलं तर तिखट आमटीत पाणी घालून येतं.

प्रतिसाद ४
घाटातली ओकारी: निघण्याआधी दूध नको, तासभर आधी कोरडी पोळी किंवा मुरमुरे. मोबाइल बंद, खिडकीतून लांबचा डोंगर बघायला सांगा. प्लॅस्टिकची पिशवी हाताशी, डिकीत नाही.
आणि किनाऱ्यावर साधा डायपर घालू नका, पाणी पिऊन किलोभर होतो आणि वाळू अडकून जांघा सोलतात. सुती चड्डी पुरते. अंगावरची ओली वाळू टॉवेलनं घासायची नाही. आधी कोरडी पावडर लावा, मग ती हातानं झटकली जाते.

प्रतिसाद ५
स्वतःची गाडी असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट नक्की घ्या. खाडीला घालायचा लांबचा वळसा वाचतो, आणि गाडीसकट बोटीत चढणं हीच पोरांची सहल होते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, त्या बेतानं जून ते ऑगस्ट टाळा.

प्रतिसाद ६
जेलीफिश चावली तर जागा चोळू नका, वाळू तर मुळीच नको. समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गोड्या पाण्यानं आग वाढते. श्वासाला त्रास किंवा अंगभर गांधी दिसल्या तर थेट दवाखाना. मुक्कामी पोचल्या दिवशीच जवळचं आरोग्य केंद्र कुठे आहे ते घरमालकांना विचारून ठेवा.