शफलबॉटम : सातशे वर्षांचं आडनाव लाजेपोटी टाकायचं?

बरीकरीण

मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाचं गाव आहे. अकरा वर्षं झाली इथे येऊन. एका प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून काम करते. मागच्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीला नवी वही दिली आणि नाव घालायला सांगितलं. तिनं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि लगेच आडनावाच्या शेवटच्या सहा अक्षरांवर डावा तळहात ठेवला. शेजारच्या मुलानं मान वळवेपर्यंत वही दप्तरात गेली होती.

आडनाव शफलबॉटम. शाळा सुटल्यावर तिची आई म्हणाली की मोठ्या शाळेत जायच्या आत हे आडनाव बदलून टाकणार आहोत. मी तेव्हा गप्प बसले, पण तेव्हापासून चैन नाही. म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे : हे आडनाव टाकू नये. ते याच मातीतलं आहे. जुन्या इंग्रजीत 'बोटम' म्हणजे दरीचा तळ, दोन टेकड्यांमधली सपाट ओली जागा. १२८५ सालच्या नोंदीत बरीजवळची एक जागा 'शिपेवालेबोथेम' अशी लिहिलेली सापडते, म्हणजे मेंढ्यांच्या झऱ्याचं खोरं. लोकर कातरण्याआधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवून काढत, त्याच्याशीही काही अभ्यासक हे नाव जोडतात. 'शफल' म्हणजे पाय घासत चालणं वगैरे जे इथली मुलं सांगतात त्याचा या नावाशी काडीचा संबंध नाही. 'शफल' हे 'शिपेवाले'चं सातशे वर्षं तोंडातोंडी झिजलेलं रूप आहे. आणि ज्या अर्थामुळे ती मुलगी हात ठेवते, 'बॉटम' म्हणजे पार्श्वभाग, तो अर्थ इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. म्हणजे आडनाव आधीचं आणि चेष्टा पाचशे वर्षांनंतरची!

इथून चारेक मैलांवर रॅम्सबॉटम गाव आहे. एप्रिल-मे मध्ये इरवेल नदीच्या काठानं चालत गेलं की झाडांखाली पांढरी फुलं पसरलेली असतात आणि पायाखाली पान चुरडलं की लसणीच्या पातीचा वास येतो. हा रानलसूण. जुन्या इंग्रजीत त्याला 'ह्रम्सा' म्हणत आणि गावाच्या नावातला 'रॅम्स' त्यावरून आला असं एक मत आहे. दुसरं मत मेंढ्याचं. मला विचाराल तर त्या वासात उभं राहिल्यावर मेंढा आठवतच नाही. त्या गावाला कुणी नाव बदल म्हणत नाही. मग माणसांनी का बदलावं?

आडवाट

ताई, तुमचा लेख मनापासून वाचला आणि मनापासून विरोध करतोय.

आमचं मूळ आडनाव ढेकणे. मुळात ते कशावरून आलं हे आजोबा मोठ्या अभिमानानं सांगायचे. पण आजोबा पाचवीत हजेरीला उभे राहत नव्हते, मी राहत होतो. रोज सकाळी गुरुजी नाव घेणार, मागच्या बाकावरून कुणीतरी खाजवल्याचा आवाज करणार आणि गुरुजीही हसणार. सगळ्यात जास्त लागायचं ते गुरुजींचं हसणं. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदललं. माझ्या मुलांना तो आवाज माहीत नाही. मला त्याचा एका दिवसापुरताही पश्चात्ताप झालेला नाही.

आणि इंग्लंडमध्ये तर ही वाट आणखी सोपी आहे. तिथला जुना रिवाजी कायदा सांगतो की फसवणुकीचा हेतू नसेल तर माणूस हवं ते आडनाव लावू शकतो. डीड पोल म्हणतात तो कागद फक्त पुराव्यासाठी. म्हणजे आडनाव तुमच्या मालकीचं आहे, तुम्ही आडनावाच्या मालकीचे नाही, हे तिथल्या कायद्यालाच मान्य आहे. इतिहास जपायचा तर दप्तरखान्यात जपा. अकरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर कशाला?

त्रैराशिक

दोघांनीही गृहीत धरलंय की अशी आडनावं लाजेमुळे कमी होतात. ती आपोआपही संपतात.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हाच प्रश्न जाहीर विचारला होता की घराणी नामशेष का होतात. पुढच्या वर्षी त्यानं आणि रेव्हरंड हेन्री वॉटसननं मिळून त्याचं गणित मांडलं. सोपं करून सांगतो. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जातं आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो असं धरा. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एकही नाही. नेहमीच्या संभाव्यतेच्या हिशेबानं अशा शंभरातल्या साधारण सदतीस जणांची रेषा पहिल्याच पिढीत थांबते. दुसऱ्या पिढीअखेर निम्म्याहून जास्त रेषा संपलेल्या असतात. यात कुणी लाजलं नाही, कुणी कागद केला नाही.

एकाच खोऱ्यातून, कदाचित एकाच घरातून निघालेलं आडनाव दुर्मिळ असणारच. स्मिथ प्रत्येक गावात वेगळा उगवला कारण लोहार प्रत्येक गावात होता. मेंढ्यांच्या त्या झऱ्याचं खोरं एकच होतं.

बरीकरीण

@त्रैराशिक, गणित मान्य. पण ते एका माणसापासून निघालेल्या रेषेला लागू आहे. हजारो माणसांना लावून बघा. काहींना मुलगा नाही, काहींना चार, एकूण आकडा फारसा हलत नाही. आणि इथे आकडा फार हललाय.

लंडनच्या किंग्ज कॉलेजशी संबंधित रिचर्ड वेबर यांनी १८८१ ची जनगणना आणि २००८ च्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. कॉक, म्हणजे साधा कोंबडा, हे आडनाव ३,२११ वरून ७८५ वर आलं. डेथ १,१३३ वरून ६०५ वर. शफलबॉटम ४० टक्क्यांनी घटलं आणि गोटूबेड ४२ टक्क्यांनी. तेवढ्या काळात इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या दुपटीहून वाढली. म्हणजे लोकसंख्येतलं प्रमाण नुसतं जागेवर राहिलं असतं तरी ही माणसं आज दुप्पट दिसायला हवी होती. नेमकी चेष्टेची आडनावंच इतकी का गळली? हे दैवाचं काम नाही.

@आडवाट, तुमच्या गुरुजींचं हसणं वाचून मन कळवळलं. पण चूक गुरुजींची होती ना? मग शिक्षा आडनावाला का? आमच्या वर्गात कुणी हसलं तर हसणाऱ्याला थांबवणं हे माझं काम आहे.

आडवाट

शिक्षा आडनावाला झाली नाही. सहा वर्षं ती मला झाली, आडनाव बदलल्यावर थांबली. तुम्ही वर्गात असता तेवढा वेळ थांबवाल. मैदानात, बसमध्ये, मुलांच्या फोनवर कोण थांबवणार?

बोरू

थोडं वेगळं. 'बॉटम'ला हसणाऱ्या मराठी माणसानं आधी आपला 'बूड' आठवावा. डोंगराचं बूड, झाडाच्या बुडाशी, टोपाचं बूड करपलं, आणि बूड टेकून बस जरा. एकच शब्द, दोन्ही अर्थ, आणि आपली कुठेच अडचण होत नाही. इंग्रजीतही नेमकं हेच झालं. फरक इतकाच की तिथे तो शब्द आडनावात अडकून बसला.

आता ज्यांना हे आडनाव हलकं वाटतं त्यांच्यासाठी. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. माझे वडील तिथे होते. एका इंग्रज खेळाडूनं ११४ धावा काढल्या आणि सामन्यात १३ बळी घेतले. वडील आजही ते सांगताना उठून उभे राहतात. तो इयन बोथम. बोथम म्हणजे बॉटमच, त्याच जुन्या 'बोटम'चं दुसरं लेखन, दरीच्या तळाशी राहणारा. ते आडनाव ऐकून वानखेडेवर कुणाला हसू आलं नसेल. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा पहिला व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम, १९४६ पासून १९६२ पर्यंत. रायन साइडबॉटम आणि त्याचे वडील आर्नी, दोघंही इंग्लंडकडून कसोटी खेळले, आडनावासकट. आणि खुद्द शफलबॉटम नावाचं एक कुटुंब इंग्लंडच्या जत्रांमधून घोडे, चाकूफेक, नेमबाजीचे खेळ करत फिरायचं. घरचा कर्ता स्वतःला 'टेक्सास बिल शफलबॉटम' म्हणवायचा. टेक्सासचा थाट केला, पण शफलबॉटम सोडलं नाही. त्यांचे कागद आज शेफील्ड विद्यापीठाच्या जत्रा-संग्रहात आहेत.

वेबरच्या आकड्यांबद्दल मात्र एक शंका. १५३८ पासून चर्चच्या वह्यांत आणि १८३७ पासून सरकारी नोंदणीत ही नावं कारकुनानं कानाला ऐकू आली तशी उतरवली. शफलबॉटम, शफलबोथम, शिपरबॉटम, सगळी एकाच घरची भावंडं. एक लेखन ४० टक्के घटलं म्हणजे तेवढी माणसं संपली असं नाही. काहींनी टी काढून एच घातला असेल.

त्रैराशिक

बोरूंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताईंनी दाखवलेले आकडे पाहता निव्वळ योगायोगानं एवढी घट होणार नाही हे मान्य करतो, तिथे माझं चुकलं. पण मग घट आणि स्थलांतर वेगळं काढायला हवं. स्थलांतर दोन्ही अर्थानं, देशातून देशात आणि स्पेलिंगमधून स्पेलिंगमध्ये.

लँकशरची सून

एवढे सगळे बोललात आणि सगळ्यांच्या हिशेबात फक्त मुलगे आहेत.

माझ्या नवऱ्याचं आडनाव असंच बॉटमचं आहे, नेमकं सांगत नाही. लग्न झालं तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, तू तुझं कुलकर्णी ठेव, त्रास वाचेल. त्यांना स्वतःला तो पर्याय कुणी दिला नव्हता. इथे बायकोनं नवऱ्याचं आडनाव लावलं पाहिजे असा कायदा नाही, पण रिवाज अजून घट्ट आहे. सासूबाईंचं माहेरचं आडनावही दुर्मिळ होतं. भाऊ नव्हता, त्यांच्या लग्नाच्या दिवशी ते त्या घरातून संपलं. त्याबद्दल कुणी चर्चा केली नाही.

बरीकरीण, तुम्ही त्या मुलीला म्हणता, सातशे वर्षांचा वारसा टाकू नको. ती बिचारी वर्षानुवर्षं चेष्टा सोसणार आणि पंचविशीत लग्न करून सोडणार. वारसा तिचा कधी होता? मी तिच्या आईच्या बाजूनं आहे.

आंबडव्याचा

ताई, शीर्षकातल्या 'लाजेपोटी' या शब्दाबद्दल बोलायचं होतं. माझं गाव मंडणगड तालुक्यात. आमच्याकडे कितीतरी घरांनी आडनावं बदलली आणि गावावरून 'कर' लावलं. त्यात लाज नव्हती. आडनाव ऐकलं की खोली मिळायची नाही, पाण्याचा तांब्या वेगळा व्हायचा. बाबासाहेबांच्या घरचं आडनाव सकपाळ, शाळेत लागलं ते गावावरून. आडनाव बदलणारा प्रत्येक जण इतिहास पुसत नसतो. कधी तो पुढच्या पिढीसाठी दार उघडत असतो. इंग्लंडातल्या मुलीचं दुःख आमच्याएवढं आहे असं मी म्हणत नाही. पण काय सोसायचं आणि किती, हे बाहेरच्यानं ठरवू नये, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

बरीकरीण

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण विचार करत होते.

@आंबडव्याचा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. 'लाजेपोटी' हा शब्द मी फार सहज वापरला. तुमच्याकडच्या बदलाला तो लागू नाही.

@लँकशरची सून, सासूबाईंच्या आडनावाचं वाचून बराच वेळ बसून राहिले. खरं आहे, मी त्या बाजूनं पाहिलंच नव्हतं. पण त्यावरचं उत्तर मुलींनी आधीच सोडून द्यावं हे कसं? इथे आई-बापानं ठरवलं तर मुलांना आईचं आडनाव लावता येतं, जोडून दोन्हीही लावता येतात. वारसा तिचाही असू शकतो.

काल आई परत भेटली. मी फक्त १२८५ सालचं ते लेखन कागदावर उतरवून मुलीला दाखवलं, दुसरं काही बोलले नाही. तिनं बोटानं इंग्रजी अक्षरं मोजली. अठरा. मग आपल्या आडनावाची मोजली, तेरा. म्हणाली, "पाच कुठे गेली?" आम्ही तिघी तिथेच फाटकाशी उभ्या राहून कुठलं अक्षर कधी पडलं असेल ते शोधत होतो. शेवटी आई म्हणाली, अर्ज भरून तयार आहे, अजून सही केली नाही. मी तिला बोरूंनी सांगितलेलं सुचवलं : बदलायचंच असेल तर शफलबोथम करा. जुन्या लेखनातही 'टीएच'च होता. खोरं तेच राहील आणि वर्गातला शब्द जाईल.

माझं मत अजून तेच आहे, आडनाव राहावं. पण सही करणारी ती आहे.

आडवाट

बोथमची सूचना मला पटत नाही. मुलं मूर्ख नसतात, दोन दिवसांत ओळखतील. आमच्या चुलत्यांनी ढेकणेचं ढाकणे केलं होतं. मागच्या बाकावरचा आवाज तसाच राहिला.