'डेव्हलपमेंटल मॅथ'ला मराठीत काय म्हणाल?

पायरीवाली: कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडले. शाळा संपवून आलेल्या, पण अपूर्णांक नि बीजगणितात अडखळणाऱ्या मुलांचे वर्ग म्हणजे डेव्हलपमेंटल मॅथ. मी 'विकासात्मक गणित' लिहिलं, संपादकांनी 'उपचारात्मक' केलं. दोन्ही खटकतात.

खडूफळा: उपचारात्मकच बरोबर. 'नैदानिक चाचणी व उपचारात्मक अध्यापन' हे आम्हाला बी.एड.ला होतं. रूढ संज्ञा असताना नवी टांकसाळ कशाला?

पायरीवाली: सर, इकडे 'रिमेडियल' मागे पडलं ते त्याला औषधाचा वास येतो म्हणूनच. माझ्या वर्गातला एक मुलगा १/२ + १/३ = २/५ लिहितो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, बास्केटबॉलमध्ये आधी दोनांत एक टाकला, मग तिनांत एक. झाले की पाचांत दोन! त्याचा हिशेब त्याच्या जागी चोख आहे, फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नाही. यावर उपचार कसला करू?

उंबरठा: मग 'उजळणी वर्ग' म्हणा. उज्ज्वल, उज्जल, उजळ, अशी सरळ वाट आहे. आमच्याकडे पाढ्यांच्या पुस्तकालाच उजळणी म्हणत.

कट्टेकरी: उजळणी आधी आलेल्याची होते हो. छेद समान का करायचे हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो काय उजळणार? 'विकासात्मक' वाचून मात्र नगरसेवकाचा फलक दिसतो. सरळ डेव्हलपमेंटल लिहा, वाचणारे तिथलेच आहेत.

खडूफळा: म्हणजे मराठीने हात टेकायचे? त्रैराशिक चालतं, मग हे का नको?

कट्टेकरी: त्रैराशिक म्हणजे काय ते आधी दहावीतल्या पोराला विचारून या.

उंबरठा: त्याला कुठून ठाऊक असणार, पाव-अर्ध्याचे पाढे, त्या पावक्या-निमक्याच गेल्या. आजोबा औटकीपर्यंत म्हणून घेत. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. औट म्हणजे साडेतीन, अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. अपूर्णांक आपल्या जिभेवरच होते.

मांडवीकाठ: जिभेवर होते, डोक्यात होते का? घोकून उत्तर येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आलं तेव्हा असाच गहिवर आला होता सगळ्यांना. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना केवढी बोलणी खावी लागली! 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी मुलं कुणी पाहिलीच नव्हती जणू.

खडूफळा: मुलं चुकतात म्हणून भाषा मोडायची? उद्या 'पन्नास दोन पत्ते' म्हणाल.

मांडवीकाठ: मोडली कुणी? 'एकवीस' त्याच पुस्तकात शेजारी होतंच.

पायरीवाली: मंडळी, माझा लेख! आणखी एक अडचण सांगते. हे वर्ग आता इथे जवळजवळ संपलेच आहेत. पूर्वी अंकगणितापासून सुरू करून तीन-चार पायऱ्या चढायच्या, फी भरायची, आणि त्यातलं पदवीला काही धरत नसत. मुलं मधेच गळायची. नापास होऊन गळत तशी पास होऊनही. पुढच्या वर्गात नावच घालत नसत. २०१७ चा एबी (असेंब्ली बिल) ७०५ आणि त्याला आणखी कडक करणारा २०२२ चा एबी १७०५, या कायद्यांनंतर बहुतेकांना थेट पदवीला धरल्या जाणाऱ्या गणितात बसवतात. कुणाला लागला तर जोडीला आधाराचा तास. तो 'कोरेक्विझिट'. त्यालाही शब्द हवाय.

खडूफळा: प्रीरेक्विझिट 'पूर्वअट', तसं हे 'सहअट'.

कट्टेकरी: विम्याचा कागद वाचल्यासारखं वाटतं. 'जोडतास' कसा?

उंबरठा: 'पुरवणी तास'?

कट्टेकरी: पुरवणी म्हटलं की दोरा शोधावासा वाटतो.

मांडवीकाठ: उंबरठा, तुमच्याकडे औटकीच्या आधी अडीचकी होती का? आम्ही दिडकीवरून थेट औटकीवर.

उंबरठा: होती की. आणि सव्वाच्या पाढ्याला आम्ही सवायकी म्हणायचो.

खडूफळा: सव्वाकी.

उंबरठा: सवायकीच. छापील उजळणी आहे घरात, उद्या फोटो टाकतो.