आठवीतल्या मुलीला ‘सौभद्र’ आवडलं. आता पुढचं संगीत नाटक कोणतं दाखवू?

द्राक्षवेल, पिंपळगाव बसवंत

नमस्कार मंडळी. द्राक्षबागेची छाटणी, डोळे फुटायला लावायची पेस्ट, फुटवे काढणं, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, या सगळ्यात इकडे फिरकायलाच जमलं नाही. आता बागेत विरळणी चालू आहे. सकाळी बाया येतात, कात्रीने एकेका घडातले मणी कमी करत दिवस जातो आणि मांडवाखाली माझ्या मोबाइलवर नाट्यगीतं लागलेली असतात. सुरुवातीला बाया म्हणायच्या, ताई, जरा चालतं गाणं लावा की. आता त्यातली एक जण स्वतःच सांगते, “ते कोपाचं लावा.” म्हणजे ‘सौभद्र’मधलं ‘नच सुंदरी करू कोपा’. दुपारच्या भाकरीनंतर ते लागलंच पाहिजे असा तिचा आग्रह असतो.

तर मुद्द्याचं. रंगभूमी दिनाच्या आठवड्यात नाशिकला साईखेडकर नाट्यगृहात हौशी मंडळींनी ‘संगीत सौभद्र’मधले निवडक प्रवेश केले. मी, सासूबाई आणि माझी आठवीतली मुलगी, अशा तिघी गेलो. यांनी गाडी काढली, आम्हाला टिळकपथावर सोडलं आणि स्वतः औषधांच्या दुकानाकडे गेले, बागेच्या औषधांच्या. सासूबाईंना जिना चढायला वेळ लागतो म्हणून आम्ही लवकर पोचलो होतो. त्याचा फायदा असा झाला, की पुढच्या रांगेत डाव्या हाताला, ऑर्गनच्या अगदी जवळ जागा मिळाली.

मुलगी गाण्याच्या क्लासला जाते. तिला नाट्यगीतं माहीत आहेत, पण ती क्लासमध्ये पेटीवर बसून म्हणायची गाणी म्हणून. नाटकात ती कुठे येतात, कोण कोणाला म्हणतं, हे तिला माहीतच नव्हतं. पडदा उघडायच्या आधी ‘पंचतुंड’ सुरू झालं तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, हे तर आमच्या गॅदरिंगला पण म्हणतात. तिला सांगितलं, ही नांदी, म्हणजे नाटकाआधीचं मंगलगीत, ‘शाकुंतल’ची, 1880 सालची, अण्णासाहेब किर्लोस्करांची. आणि आता बघणार आहेस ते ‘सौभद्र’ही त्यांचंच, दोन वर्षांनी आलेलं. त्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढं जुनं गाणं आपल्याला पाठ आहे याचंच तिला नवल वाटलं.

सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. त्या शाळा फारशा शिकलेल्या नाहीत, राग वगैरे त्यांना ठाऊक नाहीत. पण दिंडीच्या चालीचं पद आलं की त्यांची मान आपोआप डोलायची. त्यांच्या माहेरी कीर्तनं व्हायची, तिथल्या चाली त्यांच्या कानात आहेत. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा अशा लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवर पदं बांधली हे मी वाचलं होतं. शेजारी बसलेल्या माझ्याच सासूबाईंच्या मानेत ते दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आणि मग सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ आलं. दादा, म्हणजे बलराम, तिचं लग्न दुर्योधनाशी लावायला निघालेत, अर्जुनाचा पत्ता नाही, बिचारीला कोणाला सांगावं कळत नाही. गाणारी मुलगी कॉलेजातली असेल. आवाज काही फार तयार नव्हता, पण ‘शरण’ या शब्दावर ती अशी थांबली, की आमच्या रांगेत सगळ्यांचं चुळबुळणं बंद झालं. त्याच ठिकाणी माझ्या मुलीने कानात विचारलं, “आई, रडताना तर गळा दाटतो. मग ही गाते कशी?”

मला तिथे उत्तर देता आलं नाही, मध्यंतरातही नीट देता आलं नाही. पण एवढं मला पक्कं वाटतं की हा प्रश्न रेकॉर्ड ऐकून पडत नाही. माझ्या मोबाइलमध्ये हेच पद कितीतरी मोठ्या गळ्यांतलं आहे आणि मुलगी ते लहानपणापासून ऐकते आहे. तिला ती बाई रडते आहे हे कधी कळलंच नव्हतं. समोर उभी बघितली तेव्हा कळलं.

घरी येताना आडगाव नाक्यापासून ओझरपर्यंत ती एकच विचारत होती, आता परत कधी. म्हणून तुम्हाला विचारते. तिला पुढचं कोणतं दाखवू? आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर तेही सांगा. आमच्या गावापर्यंत जाहिराती पोचत नाहीत, त्यामुळे नाशिकला काही लागणार असेल तर इथे आवर्जून टाकत जा.

पायपेटी, नाशिकरोड

ताई, नमस्कार. मी नोकरीत असल्यापासून हौशी नाटकांना ऑर्गनची साथ करतो, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आधी त्याचं बोलतो.

पुढच्या वेळी तिला गाण्याच्या आधीचं वाक्य ऐकायला सांगा. नट गद्य बोलत असतो, ते वाक्य संपायच्या आधीच आम्ही खाली सूर धरतो. अगदी बारीक, प्रेक्षकाला कळूही नये असा. तालमीत तो शब्द ठरलेला असतो. नट त्या सुरावर बोलता बोलता चढतो, आणि बोलणं कुठे संपलं, पद कुठे सुरू झालं याचा सांधा दिसता कामा नये. सुभद्रेचा गळा दाटतो तो गद्यात. दाटलेल्या गळ्याने पुढे बोलता येत नाही, म्हणून ती गाते. चांगली नटी असेल तर शेवटचा गद्य शब्द आणि पहिला सूर एकाच श्वासात घेते. तो श्वास ऐका. तुम्ही ऑर्गनजवळ बसला होता म्हणजे जागा अगदी योग्य धरली होती. संगीत नाटकाला मी कोणालाही तिथेच बसायला सांगतो. स्पीकरमधून सगळं सारखंच मोठं येतं, तिथे हा सांधा ऐकू येत नाही.

आता पुढचं नाटक. माझं मत ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत, 1967 सालचं नाटक. त्यात माणसं गातात कारण ती गवईच आहेत, त्यामुळे ‘ही गाते कशी’ हा प्रश्न तिथे येतच नाही. त्याऐवजी दुसरा येतो, आणि गाणं शिकणाऱ्या मुलीला तो जास्त जवळचा आहे: एकच शब्द दोन घराण्यांत वेगळे कसे होतात? नाटकात पंडितजी आणि खाँसाहेब असे दोन घराण्यांचे गवई आहेत. ‘घेई छंद मकरंद’ पंडितजी गातात ते सालगवराळी रागात, संथ. खाँसाहेब गातात ते धानी रागात, तडफदार. शब्द तेच. पहिल्यात भुंगा फुलावर बसलेला असतो, दुसऱ्यात तो झेपावतो. मुलीला दोन्ही चाली आधी नुसत्या पेटीवर वाजवायला सांगा, शब्द न म्हणता. मग नाटक दाखवा. 2015 चा सिनेमा तिने पाहिला असेल तर हरकत नाही, पण पाहिला नसेल तर नाटक आधी.

अंबड सेकंड शिफ्ट

काका, तुमचं सगळं मान्य, पण मी थोडं वेगळं सांगतो.

मी कंपनीत शिफ्टला असतो, सुट्टीच्या दिवशी एका हौशी ग्रुपमध्ये बॅकस्टेज करतो. मला राग ओळखता येत नाहीत. माझ्यासारख्याला संगीत नाटकाची गोडी लागली ती ‘संगीत देवबाभळी’मुळे, आणि आठवीतल्या मुलीला मी तेच दाखवीन. प्राजक्त देशमुख आपल्या नाशिकचे. लेखन, दिग्दर्शन त्यांचं, संगीत आनंद ओक यांचं. 2020 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या नाटकाला मिळाला, नाशिकच्या ग्रुपांमध्ये त्या दिवशी दिवाळीच होती.

रंगमंचावर फक्त दोन बायका. तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई. आवली नवऱ्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढते, पायात काटा रुततो, तो काढायला विठ्ठल येतो, आणि मग तिची शुश्रूषा करायला रखुमाईला पाठवतो. ताई, तुमच्या सासूबाईंना पण न्या. एक संसाराला कावलेली, दुसरी देवाची बायको असून रुसलेली. दोघी कामं करता करता बोलतात, बोलता बोलता गातात. रडताना गाते कशी, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. आवली गाते तेव्हा ती आपल्या प्रेक्षकांसाठी गातच नसते, ती देवाशी भांडत असते. आमच्या आजी दळताना जशा ओव्या म्हणायच्या ना, त्यांतही निम्मी तक्रारच असायची.

आणि तुमच्या त्या बाया, ज्या कोपाचं लावा म्हणतात, त्यांना पण हे नाटक कळेल. जमलं तर त्यांनाही आणा, मी खरंच सांगतोय. तिकिटाच्या रांगेत मी उभा राहीन.

जुनी नाशिककर, कॉलेज रोड

दोघांचंही बरोबर आहे, तरी मला एक सांगावंसं वाटतं. नाशिकमध्ये राहून मुलीला कानेटकर आणि कुसुमाग्रज यांची संगीत नाटकं माहीत नसावीत हे मला पटत नाही. वसंत कानेटकर आपल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांनी ‘मत्स्यगंधा’ लिहिलं. 1964 साल. त्यातलं ‘गर्द सभोती रान साजणी’ आशालताबाईंनी गायलं, ‘गुंतता हृदय हे’ रामदास कामतांनी. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, ‘ययाति आणि देवयानी’ त्यानंतर दोन वर्षांनी, 1966 चं. दोन्हींना संगीत अभिषेकीबुवांचं.

तुमची मुलगी ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ नक्की म्हणत असेल. बहुतेकांना ते शाळेतली प्रार्थना म्हणून पाठ असतं. ते ‘ययाति आणि देवयानी’तलं पद आहे, कचाच्या तोंडी. देवयानीचं प्रेम बाजूला ठेवून निघालेला तरुण ते म्हणतो. हे तिला सांगा आणि मग परत म्हणायला सांगा. माझ्या नातीला सांगितलं तेव्हा तिने दुसऱ्या कडव्यापाशी आपणहून लय कमी केली. मी काहीच सुचवलं नव्हतं.

निवडक प्रवेशांबद्दल आमच्या भिशीत नेहमी वाद होतो. काही जणींना वाटतं, पदं कापली की नाटकाचा जीव जातो. मला तसं वाटत नाही. जुने प्रयोग रात्र रात्र चालायचे, वन्समोअर घेत पहाट व्हायची, कारण लोकांना दुसऱ्या दिवशी आठच्या पाळीला जायचं नसायचं. अभिषेकीबुवांनी पदं मोजकी आणि आटोपशीर ठेवली म्हणून साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं. मात्र कापायचं तर पद अख्खं गाळा. एक ओळ म्हणून पुढे पळतात ते मला सहन होत नाही. अशा वेळी ना गद्य राहतं ना पद.

प्रयोग कमी का लागतात तेही सांगते. गाता येईल असा नट, ऑर्गन, तबला, आणि तालमीला महिनोन् महिने. एवढा ताफा मुंबई-पुण्याहून आणायचा तर खर्च झेपत नाही. म्हणून आपल्या हौशी मंडळींना जाऊन बघायला हवं, आवाज तयार नसला तरी. तुम्ही सासूबाईंना घेऊन पिंपळगावहून आलात, फार छान केलंत.

प्रयोग लागेपर्यंत नाटकाची पुस्तकं वाचनालयातून घ्या. ‘सौभद्र’ पाहिलंत त्याच आवारात सार्वजनिक वाचनालय आहे, 1840 पासूनचं. घरी तिघींनी भूमिका वाटून मोठ्याने वाचा, पदं आली की मुलीला गाऊ द्या.

द्राक्षवेल, पिंपळगाव बसवंत

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने सगळं स्वतः वाचलं. पायपेटी काकांचं श्वासाचं वाचून तिने काल रात्री ‘वद जाऊ’ म्हणून बघितलं, आधी दोन वाक्यं नुसती बोलून. मी पेटीवर सूर धरला होता. मला पेटी जेमतेम येते, पण सूर धरण्यापुरती पुरली. तिसऱ्या खेपेला तिला सांधा सापडला आणि सासूबाई आतून म्हणाल्या, “आत्ता रडली बघ.”

ताई, ‘सर्वात्मका’ तिला पाठ आहेच, ते नाटकातलं आहे हे मलाही नवीन. ‘ययाति आणि देवयानी’ वाचनालयातून आणायला यांना सांगितलं आहे, शनिवारी ते मार्केटच्या कामाला नाशिकला येणार आहेत.

पुढचं नाटक म्हणून मी ‘देवबाभळी’ धरते आहे. काका, रागावू नका, ‘कट्यार’ तिच्या गाण्याच्या मध्यमा परीक्षेनंतर. तोवर ती धानी शिकलेली असेल आणि तिला जास्त मिळेल असं तिच्या बाईंचंही म्हणणं आहे. आणि अंबडच्या दादा, बायांचं तुम्ही लिहिलंत ते मी त्यांना वाचून दाखवलं. चौघी तयार आहेत. त्यांची एकच अट आहे, प्रयोग दुपारचा हवा, कारण रात्री परतायला गाडी मिळत नाही आणि घरी लेकरं असतात. जानेवारीनंतर तोडणी सुरू झाली की बागेतून कोणालाच हलता येणार नाही. म्हणून त्याआधी नाशिकमध्ये रविवारी दुपारी प्रयोग लागला तर इथे लगेच लिहा. सात तिकिटं लागतील, आणि दोन जागा जिन्यापासून जवळच्या, सासूबाईंसाठी आणि माझ्यासाठी. बाकीच्या पाच ऑर्गनजवळ मिळतील का विचारणार होते, पण तिथे ऑर्गन असतो का हेच आधी दादांना विचारायला हवं.

अंबड सेकंड शिफ्ट

ताई, ऑर्गन असो नसो, पुढच्याच रांगेत जागा बघतो. तारीख कळली की पहिला मेसेज तुम्हाला.