विषय: नाशिकहून परतताना बॅगा कशा भरायच्या?

नमस्कार मंडळी,
सध्या माहेरी, गंगापूर रोडला आहे. पुढच्या आठवड्यात दुबईमार्गे अमेरिकेला परत. पलंगावर ढीग साचलाय: काळा मसाला, चिवडा, कैरीचं लोणचं, अनारसे, सुकं खोबरं, इगतपुरीचा इंद्रायणी आणि वहिनीने येवल्याहून आणलेली पैठणी. दोन मुलं सोबत, हे नाहीत. कशात काय ठेवू?

---

ताई,
आधी निवडायचं, मग भरायचं. इंद्रायणी आईकडेच राहू दे. धान्य पोखरणाऱ्या खपरा भुंग्याच्या धास्तीने भारतातला तांदूळ प्रवाशांच्या सामानातून अमेरिकेत नेऊ देत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि द्राक्षंही नाहीत. सुकं खोबरं मुंबईलाच अडेल, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. अनारशांवर खसखस असणारच; अमिरातीत खसखशीला बंदी आहे, तेव्हा ते मुलांना नाशिकलाच पोटभर खाऊ घाल. हे सगळं आईला आजच सांग. तिने जीव लावून केलेलं विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं, तर मला तरी सहन होत नाही.

आता लोणचं. विमान वर गेलं की हवेचा दाब कमी होतो. सामानाच्या कप्प्यातही होतो. बरणीत हवा असेल तर ती फुगते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. म्हणून बरणी काठोकाठ भर, तोंडावर प्लॅस्टिक ताणून मग झाकण घट्ट लाव, दोन पिशव्यांत बांध आणि बॅगेच्या मधोमध जाड कपड्यांत खुपस. चिवड्याच्या पाकिटांचंही तेच, हवा दाबून काढून मग सील कर. पोहे चुरू नयेत म्हणून ती सगळ्यात वर.

बॅग उभी केल्यावर चाकांकडे येणारी बाजू म्हणजे तळ. जड वस्तू तिथेच. मसाल्याचे पुडे, पुस्तकं, पितळेची भांडी घेतली असतील तर त्यांच्या पोटात मोजे. पण सगळं जड एकाच बॅगेत नको. बहुतेक कंपन्या इकॉनॉमीत एका बॅगेला २३ किलो देतात. तुझ्या तिकिटावर बघ. घरी २२ वर थांब, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा क्वचितच जुळतो. दोन्ही बॅगांत प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड ठेव. एक बॅग मागे राहिली तरी मुलांचं अडणार नाही.

मसाला हातातल्या बॅगेत नको. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीलिटरहून जास्त पूड दिसली की वेगळी तपासणी होते. पॉवर बँक मात्र हातातच. ती खाली टाकायला मनाईच आहे.

---

पैठणीबद्दल माझं एक. ती खाली देऊ नका, हातातल्या बॅगेत घ्या. मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि दुकानातली घडी मोडून नवी घाला, म्हणजे जरीची तार एकाच रेषेवर तुटत नाही. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर तिच्या जवळपासही नको, जर काळी पडते.

आणि उतरल्यावर खाण्याचं काही आहे का असं विचारलं, तर मसाल्यापासून चिवड्यापर्यंत सगळं सांगा. सांगितलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

---

काकू, दादा, मनापासून आभार. खोबरं आणि तांदूळ आईने आत्ताच उचलून नेले. अनारशांचा डबा मुलांच्या ताब्यात आहे.