माल शिल्लक नसताना ऑनलाइन ऑर्डरचे पैसे कधी घ्यावेत? (तांब्या-पितळेची भांडी, नाशिक)

प्रश्न: भांडीवाला_नाशिक

नमस्कार मंडळी. भांडी बाजारातलं दुकान आणि वूकॉमर्सवरची (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) वेबसाइट, दोन्हींचा साठा एकच आहे. धनत्रयोदशीच्या आधी अडचण होते. शेवटची समई काउंटरवरून गेलेली असते आणि तिकडे वेबसाइट तिचेच पैसे घेते. दुसरा प्रकार घंगाळ आणि बंबाचा. ते कारागिराकडून घडवून यायला तीन आठवडे लागतात. 'शिल्लक नाही' लिहिलं तर गिऱ्हाईक निघून जातं. पूर्ण पैसे घेतले तर तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू.

परदेशातली दुकानं पार्सल निघेपर्यंत कार्डावर पैसे लावत नाहीत म्हणतात. आपल्याकडे ते जमतं का? आगाऊ घ्यायचे तर किती? आणि जीएसटी कधी लागतो?

उत्तर १: पेमेंटवाला

पैसे माल निघताना घ्यावेत हेच योग्य. फक्त परदेशी रीत इथे जशीच्या तशी चालत नाही.

तिकडे कार्ड दुकानाकडे जपून ठेवतात आणि माल आला की रक्कम लावतात. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्ड नंबर साठवता येत नाही, फक्त टोकन (कार्ड नंबरऐवजी मिळणारा सांकेतिक क्रमांक). शिवाय अशा खरेदीला ओटीपी किंवा तशी पडताळणी लागते. म्हणजे तीन आठवड्यांनी पैसे घ्यायचे तर गिऱ्हाइकाने पुन्हा हात लावायलाच हवा.

'मग ऑथराइज करून ठेवतो, कॅप्चर नंतर करतो' असं पुष्कळ जण म्हणतात. म्हणजे रक्कम आधी नुसती मंजूर करून अडवायची, प्रत्यक्ष नंतर घ्यायची. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा अडकून राहते, आणि गेटवेने (आपल्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीने) दिलेले काही दिवस उलटले की ते पेमेंट आपोआप परत जातं. तीन आठवड्यांच्या बंबाला ही सोय पुरत नाही. यूपीआय आणि नेटबँकिंगमध्ये तर गेटवेच्या पडद्यावर 'ऑथराइज्ड' दिसत असलं तरी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात. 'आम्ही अजून पैसे घेतलेच नाहीत' असं त्याला सांगू नका. त्याच्या हातात बँकेचा मेसेज असतो.

चालणारी पद्धत अशी: घडवून द्यायच्या मालाची नोंदणी थोडी रक्कम घेऊन करा. भांडं दुकानात आलं, वजन झालं, की त्याचा फोटो आणि उरलेल्या रकमेची पेमेंट लिंक पाठवा. लिंकची मुदत ४८ तास ठेवा, एक आठवण चोवीस तासांनी. मेसेजात ऑर्डर नंबर आणि आधीची भरलेली रक्कम हवीच. नुसती लिंक आली की लोक फसवणूक समजून उघडत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

२०१८ च्या यूपीआय २.० पासून एकवेळच्या मॅन्डेटचीही सोय आहे. रक्कम गिऱ्हाइकाच्याच खात्यात अडवून ठेवली जाते आणि नंतर वळती होते. तुमच्या गेटवेवर ती चालू आहे का आणि किती दिवस चालते, हे विचारून घ्या.

उत्तर २: हिशेबनीस

परताव्याचा खर्च धरून बघा. ४,२०० रुपयांची समई, गेटवेचं शुल्क २ टक्के म्हणजे ८४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १५.१२. एकूण ९९.१२. परतावा दिला की गिऱ्हाइकाला पूर्ण ४,२०० जातात, हे ९९ बहुतेक गेटवे परत देत नाहीत. सणाच्या आठवड्यात असे वीस परतावे झाले तर जवळपास दोन हजार रुपये वाया गेले. ही रक्कम गिऱ्हाइकाकडून कापायची नाही. माल आपल्याकडे नव्हता, त्याची चूक नव्हती. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही आहे: दुकानाने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तसंच शुल्क स्वतः सोसत नसेल, तर गिऱ्हाइकाने रद्द केल्यावर त्याच्याकडून घेता येत नाही.

जीएसटी: वस्तूंच्या आगाऊ रकमेवर १५ नोव्हेंबर २०१७ पासून कर लागत नाही (कंपोझिशन योजनेत उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्यांना ही सूट नाही). कर बिलाच्या वेळी. म्हणून आगाऊ आली की रिसीट व्हाउचर (आगाऊ रकमेची पावती), माल निघताना टॅक्स इन्व्हॉइस (कराचं बिल). ऑर्डर रद्द झाली तर रिफंड व्हाउचर. वेबसाइटचं प्लगइन पैसे येताच बिल फाडत असेल तर ते आधी बंद करा. नाहीतर प्रत्येक रद्द ऑर्डरला क्रेडिट नोट (बिलाची रक्कम मागे घेणारा कागद) आणि जीएसटी रिटर्नमध्ये दुरुस्ती. मात्र गिऱ्हाइकाची जुनी भांडी कल्हईला घेत असाल तर ती सेवा झाली. सेवेच्या आगाऊ रकमेवर कर त्याच वेळी लागतो. दोन्हींची खाती वेगळी ठेवा.

उत्तर ३: स्टॉक_आणि_सेटिंग

समईचा घोळ पैशांचा नाही, साठ्याचा आहे. तो तिथेच मिटवा.

वूकॉमर्समध्ये इन्व्हेंटरीच्या सेटिंगला 'आउट ऑफ स्टॉक थ्रेशोल्ड' असतो. तो १ करा. एक नग उरला की वेबसाइटवर विक्री थांबते, तो काउंटरसाठी राहतो. सणाच्या पंधरवड्यात तो २ ठेवा. हा आकडा सगळ्या वस्तूंना एकदमच लागू होतो.

'होल्ड स्टॉक' मुळात ६० मिनिटांचा असतो. म्हणजे पैसे न आलेली ऑर्डर तासाने रद्द होऊन नग मोकळा होतो. गोची इथे होते: यूपीआयचं पेमेंट लटकतं, ऑर्डर रद्द होते, नग दुसऱ्याला जातो आणि मग पहिल्याचे पैसे येऊन पडतात. वेबसाइटवर ऑर्डर रद्द, गेटवेत पैसे जमा. रोज संध्याकाळी दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून जुळवा आणि अशा पेमेंटचा परतावा त्याच दिवशी सोडा.

बॅकऑर्डरला (शिल्लक नसतानाही ऑर्डर घेणं) 'परवानगी, पण गिऱ्हाइकाला कळवून' हा पर्याय फक्त घडवून द्यायच्या मालाला. समई, तांब्या, ताम्हण यांना बॅकऑर्डर बंदच. बटणाच्या वरच लिहा: 'हे घंगाळ ऑर्डरनंतर घडवलं जातं. २५ दिवसांत रवाना. आत्ता १,००० रुपये, उरलेले वजन झाल्यावर.' कारागीर तीन आठवडे म्हणाला तर पानावर २५ दिवसच लिहा. संमतीची चौकट आधीच टिक केलेली ठेवू नका, नियमांत ती चालत नाही.

एकाच ऑर्डरमध्ये समई तयार आणि बंब घडवायचा असेल तर दोन ऑर्डर करा. समईचे पूर्ण पैसे आणि लगेच पार्सल, बंबाची फक्त नोंदणी. दोन्ही एकत्र पाठवायला थांबलात की समईसुद्धा धनत्रयोदशीला पोचत नाही.

भांडीवाला_नाशिक

सगळ्यांचे आभार. थ्रेशोल्ड आजच बदलतो. एक राहिलं. नोंदणी आणि माल यांत तीन आठवडे जातात, तेवढ्यात तांब्याचा भाव हलतो. शिवाय हाताने घडवलेलं घंगाळ ठरल्या वजनाचं कधीच येत नाही. तीन किलो सांगितलं तर तीन किलो दोनशेही येतं. अंतिम रक्कम कशी काढायची?

हिशेबनीस

किलोचा दर नोंदणीच्या दिवशी बांधा आणि व्हाउचरवर लिहा. वजन काट्यावर येईल ते, पण वरची मर्यादा आधीच सांगा, जसं की ३.२ किलो. त्याहून जास्त भरलं तर जादा वजन आपल्या खात्यात. कमी भरलं तर उरलेली रक्कम कमी करूनच लिंक पाठवायची. काट्याच्या आकड्यासकट भांड्याचा फोटो लिंकसोबत द्या. भाव चढण्याचा धोका टाळायला नोंदणीची रक्कम आली की त्याच दिवशी कारागिराला पत्र्याचे पैसे द्या. त्यासाठी १,००० पुरत नसतील तर नोंदणी पत्र्याच्या किमतीएवढी ठेवा, त्यापेक्षा जास्त नको. पत्रा कापण्याआधी गिऱ्हाइकाने रद्द केलं तर पूर्ण परत. कापल्यानंतर काय, हे नोंदणीच्या पानावर पैसे भरण्याआधीच दिसायला हवं.

पेमेंटवाला

लिंकमध्ये रक्कम पक्की टाका, 'हवी ती रक्कम भरा' ठेवू नका. वजनाच्या फरकाने सत्तावीस रुपये कमी भरले की ती ऑर्डर अर्धवट पडून राहते आणि पार्सल कोणी बांधत नाही.